दहा वाजताचे गिऱ्हाईक

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण चार पायांची, इकडून तिकडे ओढता येणारी नव्हे. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे. मला एकच जाडजूड लोखंडी पाय आहे आणि तो जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवला आहे. इंडियाना राज्यातल्या मॅरो क्रीक गावात मी सत्तर वर्षे एकाच जागी उभी आहे. एवढ्या काळात मी फक्त गोल फिरले आणि वरखाली झाले, पण गावातले बहुतेक प्रत्येक डोके माझ्या ओळखीचे आहे.

माझा जन्म सेंट लुईसच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, लाल चामड्याची गादी आणि पाय ठेवायला चकचकीत पायरी. ऑरिन स्टकीच्या वडिलांनी मला दुकानात आणले, तेव्हा केस वाढलेले नसतानाही लोक माझ्यावर बसून जायचे. आता चामड्याला चिकटपट्ट्या लागल्या आहेत आणि माझ्या पोटातला तेलाचा पंप गळतो. माणूस बसला की केस कापून होईपर्यंत मी चार बोटे खाली येते. ऑरिन म्हणतो, गिऱ्हाईक उंच असेल तर बरेच आहे. मला त्याचा राग येतो, पण सांगणार कोणाला?

ऑरिन माणूस मात्र सोन्यासारखा. आमच्या छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातल्या काळ्या मुलांना केस कापायला चाळीस मैल जावे लागते हे त्याला कळले, तेव्हा तो साठीला टेकला होता. वर्षभर दर सोमवारी शहरातल्या एका दुकानात जाऊन तो त्यांचे केस कापायला शिकला. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या हातून सुटलेली मुले टोपी घालूनच वर्गात बसायची. मग टोप्या गेल्या.

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात नेमाचा म्हणजे लोवेल केसलर. एकाआड एक शनिवार, सकाळी दहा वाजता, सलग एकोणीस वर्षे. समोरच्या बी-बियाणांच्या दुकानात तो नोकरी करतो आणि हिवाळ्यात आसपासच्या कॉलेजांच्या सामन्यांत पंच असतो. आपल्या गावाच्या सामन्यात शिट्टी धरायची नाही, हा पंचांचा रिवाज त्याने कधी मोडला नव्हता.

या फेब्रुवारीत तो मोडला. हरणारा संघ स्पर्धेतून बाहेर, असा सामना होता, आणि तीनपैकी एका पंचाची गाडी वाटेत बर्फात रुतली. दोन्ही प्रशिक्षकांनी विचार करून प्रेक्षकांत बसलेल्या लोवेललाच उठवले. पाहुण्या प्रशिक्षकाने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला म्हणे, की तुमच्या सचोटीबद्दल ऐकून आहे. मला वाटते, त्या एका वाक्यानेच घात केला.

शेवटचे दोन सेकंद उरले होते आणि आमचा संघ एका गुणाने मागे होता. आमचा जारेल पेटवे बास्केटकडे झेपावला, आडव्या आलेल्या मुलाला धडकला, दोघेही पडले आणि चेंडू जाळीतून खाली आला. तेवढ्यात लोवेलची शिट्टी वाजली. समोरचा मुलगा पाय रोवून उभा असेल तर दोष धडकणाऱ्याचा, आणि त्याचे पाय हलत असतील तर दोष त्याचा. लोवेलने जारेलला दोषी धरले. बास्केट रद्द झाली, सामना गेला आणि आमचे अख्खे वर्ष गेले.

पुढच्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. धान्याचा ट्रक चालवणारा मर्ल अॅमस्टट्झ सगळ्यांत जास्त पेटला होता. त्याचे म्हणणे, लोवेलने आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायला आपल्याच पोराचा बळी दिला. तो नुसता बोलून थांबला नाही. त्याने जमिनीवर चिकटपट्टीने रेघा मारल्या, मला समोरचा खेळाडू केले आणि स्वतः जारेल होऊन माझ्यावर धावून आला. तिसऱ्या धडकेत माझी पायरी वाकली आणि मर्लचा गुडघा सुजला.

निवृत्त शिक्षिका व्हर्नाबाई खिडकीपाशी कॉफी पीत हे सगळे बघत होत्या. अर्धे गाव त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात.

त्या म्हणाल्या, "मर्ल, त्या मुलाचे पाय हलत होते का, एवढाच प्रश्न आहे. आणि तू धडक कोणाला देतोयस, तर जमिनीत बोल्ट मारलेल्या खुर्चीला. गणितात तू असंच करायचास."

मग त्या सामन्याची चित्रफीत लोकांनी फोनवर शंभर वेळा पाहिली. पण नेमक्या त्या क्षणी हिरव्या टोपीतले कोणीतरी हात वर करून उभे राहते आणि त्या मुलाचे पाय झाकले जातात. बाईंनी चष्मा लावून निरखून पाहिले, तर ती हिरवी टोपी मर्लची निघाली. मर्लने डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली.

पण लोवेल आला नाही. दहा वाजले तरी ऑरिनने माझ्यावर कोणाला बसू दिले नाही. मर्ल पुढे झाला, तेव्हा ऑरिन म्हणाला, "ही लोवेलची वेळ आहे."

"अरे, तो येणार नाहीये."

"त्याची वेळ तर आलीय ना? मग बस तिकडे."

अर्धा तास मी रिकामी राहिले. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. तिसऱ्या पाळीच्या दिवशी बाईंनी बातमी आणली, की लोवेलने पंचगिरी सोडत असल्याचे पत्र लिहून ठेवले आहे आणि सोमवारी तो ते टपालात टाकणार आहे. मर्ल म्हणाला, बरेच झाले. पण म्हणताना त्याने कोणाकडे पाहिले नाही. मला फार वाईट वाटले. एकोणीस वर्षे ज्या माणसाची मान माझ्यावर टेकली, तो समोरच्या दुकानात आहे आणि माझ्यापर्यंत येऊ शकत नाही. आणि मी तर जागची हलूच शकत नाही.

त्याच वेळी जारेल केस कापायला आला. मग मर्लने विचारलेच, की बाबा, तूच सांग, त्याचे पाय हलत होते ना?

जारेलने मान खाली घातली. "मला माहीत नाही. मी डोळे मिटले होते."

"मिटले होते म्हणजे?"

"धडकायच्या वेळी माझे मिटतात. लहानपणापासूनचं आहे. कोच त्यावरून रोज शिव्या घालतात."

पाच आठवडे ज्या न्यायासाठी गाव भांडत होते, तो ज्याला मिळायचा होता त्याने काही पाहिलेच नव्हते. जारेलने घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ऑरिनला विचारले, की ही खुर्ची रिकामी का? ऑरिनने कारण सांगितले. ते ऐकून तो तसाच बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून बियाणांच्या दुकानात शिरला.

दोघे आले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. लोवेलचे केस कानांवर आले होते. तो माझ्यावर बसला, वाकड्या पायरीवर कसेबसे पाय ठेवले, आणि ऑरिनने काही न बोलता त्याच्या गळ्याभोवती कापड बांधले. त्याने मान नेहमीसारखी माझ्यावर टेकवली नाही. बाकी कोणाला दिसले नसेल, पण मला कळते.

आरशातल्या जारेलकडे बघत तो म्हणाला, "पोरा, मी ते पाय खरंच पाहिले की मला तसं पाहायचं होतं, हेच मला आता कळत नाही. परक्या माणसाने माझ्या सचोटीचं नाव काढलं होतं. ते राखायच्या नादात तुझं वर्ष घालवलं असेन, तर माझं चुकलंय."

"सर, तुमचे डोळे उघडे तरी होते," जारेल म्हणाला. "मला अजून दोन वर्षं खेळायचंय. सोमवारी सरावाला याल का, शिट्टी घेऊन? मी डोळे मिटले की वाजवायची."

ऑरिनने कात्री चालवायला घेतली. मर्ल जागेवरून पुटपुटला, "तरी निर्णय चुकीचाच होता."

"असेल," लोवेल म्हणाला.

मित्रांनो, पाच आठवड्यांत या दुकानात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. उठताना लोवेलने खिशातला राजीनाम्याचा लिफाफा काढला, फाडला आणि खाली पडलेल्या केसांत टाकला. ऑरिनने केसांबरोबर तोही झाडून नेला.

सोमवारी लोवेल सरावाला गेला. शिट्टी सतरा वेळा वाजली, पुढच्या सोमवारी अकरा वेळा. मर्ल बाकावर बसून मोजत होता आणि त्यातल्या निम्म्या त्याला पटल्या नाहीत. गुडघा बरा झाल्यावर त्यानेच हातोडा आणून माझी पायरी सरळ केली. ती अजून जराशी तिरकीच आहे, पण त्याला मी काही बोलणार नाही.

मित्रांनो, त्या मुलाचे पाय हलत होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. तुम्ही वाद जरूर घाला, अगदी रेघा मारून घाला. माझ्यासारख्या म्हाताऱ्या खुर्चीला लाथा तेवढ्या मारू नका. आणि ज्याच्याबद्दल वाद घालत असाल, त्याला बसायला जागा ठेवा.