मावशी फळीपुढे उभी राहिली

माझी मावशी फिरती सर्कस चालवायची आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, तिथेच सुरे फेकायचे. एकदा सकाळी मावशी भडकली आणि तिने सगळ्यांदेखत काकांना हत्तीची लीद उचलायला लावली. नेमकी दुपारच्या खेळाला फळीपुढे उभी राहणारी मुलगी तापाने आडवी झाली. दुसरं कोणी तयार होईना, मग मावशीच जाऊन उभी राहिली.

काकांनी पहिला सुरा उचलला.

"अहो, उद्यापासून लीद मी उचलते," मावशी ओठ न हलवता म्हणाली.

"महिनाभर?"

"वर्षभर. आधी चष्मा घाला."

बाराही सुरे तिला न लागता फळीत घुसले. टाळ्या पडल्या, मावशीच्या जिवात जीव आला.

"वर्षभर वगैरे मी घाबरून बोलले हं."

"माहितीये," काका म्हणाले. "पण संध्याकाळी अजून एक खेळ आहे."