सवडीचं शिक्षण

मी हेडफोन बोलतोय. आडवळणं घेत नाही, दोष अण्णांचा होता. वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी अण्णांच्या डोक्यावर बसून आलोय, मला त्यांचा धाक नाही.

माझी पहिली नोकरी ग्राहक सेवा केंद्रात होती. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे तिथे दिवसभर माझ्यातून बोललं जायचं आणि बोलणारी मुलगी तेवढ्यात नखं रंगवायची. महत्त्व या शब्दावरचा माझा विश्वास तिथेच उडाला. कानाची गादी फाटली तशी मला मोडीत काढलं. जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका टोपलीत मी वायरींच्या गुंत्यात पडलो होतो. तिथून मला बारक्याने उचललं.

बारक्या म्हणजे अण्णांचा धाकटा. मिसरूड फुटून जमाना झाला, तरी घरात तो बारक्याच. घरची भाजीपाल्याची रोपवाटिका. ट्रेमध्ये बी टोचायचं, हिरव्या जाळीखाली वाढवायचं आणि रोपं तयार झाली की विकायची. ट्रे भरणं, पाणी मारणं, माल टेम्पोत चढवणं बारक्याकडे. हुकूम सोडणं अण्णांकडे.

माझी वायर मानेपाशी तुटली होती. बारक्याने ती जोडली आणि वरून कलम बांधायची पट्टी गुंडाळली. झाडासारखं कलम झालेला हेडफोन दुसरा कुठे असेल, मला माहीत नाही.

मला आणलं होतं अभ्यासासाठी. शेतीची माहिती शेतकऱ्याला कळेल, पटेल अशी कशी सांगायची, हे शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम होता. कामधंदा सांभाळून करायचा. ‘तुमच्या सवडीने शिका’ असं जाहिरातीत होतं. अण्णांची परवानगी काढताना बारक्याने नेमकं तेच वाक्य त्यांना वाचून दाखवलं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

थोरल्याची बायको तिथेच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “भाऊजी, या घरात सवड फक्त अण्णांकडे असते. तुम्ही कुठून आणणार?” सगळे हसले. अण्णाही हसले. पण शब्द त्यांनी गाठीला बांधून ठेवला.

मग रोजचंच झालं. बारक्याने मला कानाला लावलं की अण्णांना काम आठवायचं. ट्रे धुवायचे राहिलेत. ठिबकची नळी तुंबलीय. तो म्हणायचा, धडा चालू आहे. अण्णा म्हणायचे, सवडीचंच आहे ना, मग आधी हे उरक. पोराच्या सवडीवर पहिला हक्क बापाचा, असा त्यांचा हिशेब. थोरला मान खाली घालून जेवायचा. आई म्हणायची, अण्णांचं ऐकावं, ते काय वाइटासाठी सांगतात का. ज्यांना तोंड उघडायचं नसतं, त्यांना हे वाक्य फार उपयोगी पडतं.

तरी पोरगा शिकला. दुपारी घर आडवं झालं की तो रिकाम्या ट्रेंच्या थप्प्यांमागे बसायचा. शिकवणाऱ्या बाई माझ्यातून बोलायच्या. आधी शेतकऱ्याला विचारा, मग सांगा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. एकदा त्याने शेतकऱ्यांसाठीचा एक संदेश बोलून पाठवला आणि मागे मोटर घरघरतेय म्हणून माफीही मागितली. बाई म्हणाल्या, “राहू दे ती मोटर. तू शेतकऱ्यावर बोलत नाहीस, शेतकऱ्याशी बोलतोस. हे शिकवून येत नाही.” त्या दिवशी त्याचे कान इतके गरम झाले की माझी गादी तापली.

बाईंच्या संस्थेचं एक सल्ला केंद्र होतं. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरं द्यायची. तिथे एक जागा निघणार होती आणि ती बारक्याला मिळावी असं बाईंच्या मनात होतं. अट एकच, शेवटची तोंडी परीक्षा. सगळ्या अभ्यासक्रमात सवडीची नव्हती अशी तेवढीच एक गोष्ट होती. परीक्षक पडद्यावर समोर असणार, वेळ ठरलेली.

परीक्षेसाठी त्याने विषय घरचाच घेतला. रोप विकण्याआधी काही दिवस जाळीबाहेर उन्हावाऱ्यात ठेवावं लागतं, पाणी कमी करावं लागतं. तसं केलं नाही तर ते शेतात गेल्यावर मान टाकतं. आमच्याकडे अण्णा तेवढा दम धरत नसत. ट्रे रिकामा झाला की त्यांना बरं वाटायचं. बारक्याचा संदेश असा होता: रोप घेताना एकच प्रश्न विचारा, हे ऊन बघून आलंय का?

तो सराव करत असताना अण्णा मागे येऊन उभे राहिले.

“आपल्याच गिऱ्हाइकाच्या हातात काठी देतोस?”

“काठी कसली अण्णा. आपण रोपं उन्हात ठेवू, म्हणजे मिटलं.”

“ही जाळी मी बांधली तेव्हा तू रांगत होतास.”

उत्तर नसलं की मोठी माणसं धाकट्याचं रांगणं काढतात.

परीक्षेच्या दिवशी बारक्याने माल भरायच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, मला पुसून शेजारी ठेवलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, मिरचीची रोपं पोचवून ये, गिऱ्हाईक खोळंबलंय, जाऊन लगेच येशील. तो म्हणाला, आज परीक्षा आहे, वेळ ठरलेली आहे. अण्णा म्हणाले, सवडीच्या शिक्षणाला कसली आलीय वेळ? आजवर त्याने अण्णांना नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही जमलं नाही. टेम्पो गेला.

तिकडे गिऱ्हाइकाचा पत्ताच नव्हता, सगळा माल बारक्याला एकट्याने उतरवावा लागला, हे मागाहून कळलं. इकडे लॅपटॉप वाजायला लागला. अण्णांनी मला उचलून डोक्यावर चढवलं, तेही उलटं. माझी माइकची दांडी त्यांच्या कपाळावर आली, शिंगासारखी.

बाई म्हणाल्या, त्याला बोलवा, आम्ही थोडं थांबतो. अण्णा म्हणाले, तो गाडीवर आहे, तुम्ही सवडीने घ्या की, तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय. बाईंनी शांतपणे समजावलं. शिकणं सवडीचं असतं, परीक्षकांची वेळ नसते. आज तो आला नाही तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून करावं लागेल आणि केंद्रातली जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

हे सगळं अण्णांनी ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं. मीच ऐकवलं. म्हणून त्यांना कळलं नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

“मग पुढच्या वर्षी बघू,” अण्णा म्हणाले. “रोपं काही वर्षभर थांबत नाहीत.” आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. मला जिथल्या तिथे ठेवलं.

बारक्या घामाघूम होऊन धावत आला आणि त्याने मला कानाला लावलं. गादीला अण्णांच्या तंबाखूचा वास होता. त्याने मला सावकाश काढलं.

“अण्णा, तुम्ही घातला होतात?”

“हो. त्या बाई होत्या. म्हटलं, सवडीने घ्या.”

टेम्पोतले रिकामे ट्रे उतरवून त्याने थप्पीला लावले.

पुढच्या वर्षी अण्णांनाच उदारपणाचा झटका आला. जेवताना म्हणाले, घाल परत नाव, मी कुठे अडवतोय? बारक्याने ताटावरून मान वर केली नाही.

“सवड नाही,” तो म्हणाला.

आता मी भिंतीवर खिळ्याला लटकतोय, फवारणीच्या पंपाशेजारी. एका कानात कोळ्याने घर केलंय. कलमाची पट्टी अजून धरून आहे. माझं एवढंच मागणं आहे, मला पुन्हा कुणा शिकणाऱ्याच्या कानाला लावा आणि त्याच्या घरच्यांना त्याची वेळ आधी सांगून ठेवा. रोपं आजही जाळीखालून थेट विकली जातात.

बारक्याचं शिक्षण गेलं, बाईंकडची जागा गेली आणि बापाशी बोलणं गेलं.