उगवतीच्या कोपऱ्यातली कासवं

तलाव पुनरुज्जीवन, पूर्णत्वाचा अहवाल. भरणार समितीचा अध्यक्ष, म्हणजे मी, धर्मेंद्र.

काढलेला गाळ कुठे टाकला?

गावकऱ्यांच्या शेतांत.

खोडतो. शेवटच्या सहा ट्रॉल्या माझ्या वावरात. अध्यक्षानं आपलं शेवटी घ्यावं, म्हणून मी थांबलो होतो. शेवटी लोण्यासारखा मऊ, काळा गाळ उरला तो फक्त उगवतीच्या कोपऱ्यात.

जलचरांसाठी जागा राखली आहे काय?

होय.

खोडतो. त्याच कोपऱ्यात, गाळात निजणाऱ्या कासवांसाठी राखली होती. शकुनकाकूनं दाखवलेली. याच तळ्यात तिचा जन्म शिंगाडे काढण्यात गेला. ती म्हणाली होती, "उन्हायात कासवं गायात निजते, बाबू. पाणी आलं का उठते. तेवढा कोपरा सोडजो." मी सगळ्यांसमोर चार खुंट ठोकले, फोटोही काढला. आठव्या दिवशी भर दुपारी ते मीच उपटले.

कामादरम्यान झालेली हानी व कारण?

कासवं दगावली. मशीनवाल्या स्वप्निलला खुणा दिसल्या नाहीत.

हेच मी ग्रामसभेत बोललो. स्वप्निल मागं दाराशी उभा होता. खणण्याआधी दोनदा त्यानं विचारलं होतं, "भाऊ, पक्कं ना?" आता तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला. पुढचं विहिरीचं काम त्याला द्यायचं की नाही, हे माझ्याच हातात होतं.

"काबे," काकू त्याच्यावर ओरडली, "डोये फुटले होते काय तुहे? का मशीनवर निजला होता?"

सभा हसली. मीही हसलो.

सदस्यांच्या सह्या.

आज काकू, तीही समितीची सदस्य, घरी आली. अंगठ्याला शाई लावली, पण कागदावर टेकवेना.

"वाच पयले."

वाचायला लागलो. स्वप्निलच्या नावाशी आलो आणि कागद खाली ठेवला. "हानी माझ्यामुळं झाली," मी म्हणालो. "तो नको म्हणत होता. खुंट मी काढले."

"कागदावर असंच हाये?"

"नाही."

तिनं शाईचा अंगठा कागदापासून मागं घेतला. मग म्हणाली, "अकरा कासवं वेचले म्या, सभेच्या आंधीच. तुह्याच वावरातून. सात फुटलेले. चार जित्ते हायेत, घरी टाक्यात ठेवले. त्याईले निजाले आता गाय कुठं ठेवला तू?"

तळं आता चौफेर सरळ कापलेलं, तळाशी गाळ नाही, नुसता मुरूम.

"तुले माहीत होतं," मी म्हणालो. "मंग त्याले शिव्या कावून देल्या?"

"तू मंधात बोलशीन म्हून."

तिनं शाई लुगड्याला पुसली.

"माह्याजोळ नोको वाचू. सभेत वाच. सोप्निल असन तवा."

ती गेली. कागद फाडून नवा घेतला, हानीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. सभा शुक्रवारी आहे. स्वप्निलला ये म्हणून सांगायला मलाच त्याच्या दारी जावं लागेल. अजून गेलो नाही.