शेरा: उडवा

यंत्र आलं की माणसामाणसांतली हाणामारी थांबते, यावर मालकीणबाईंची अढळ श्रद्धा होती. त्यांचा धंदा इमारती पाडण्याचा होता.

श्रद्धेला कारणही होतं. कंपनीचा कारकून आणि कंपनीचा मुकादम नात्याने दाजी आणि मेहुणा. कारकुनाची बायको ही मुकादमाची सख्खी थोरली बहीण, त्यामुळे दोघांना एकमेकांचा जीव तेवढा घेता येत नव्हता. बाकी सगळं घेऊन झालं होतं. मागच्या वर्षी कारकुनाने फोनवर "डावीकडची भिंत" असं सांगितलं आणि मुकादमाने स्वतःच्या डावीकडची पाडली. त्यावरून झालेल्या चर्चेत कारकुनाने पंचिंग मशीन फेकून मुकादमाची भुवई फोडली आणि मुकादमाने एका ठोशात कारकुनाचा पुढचा दात पाडला. मग खाली वाकून तो शोधला आणि कारकुनाच्या टेबलावर आणून ठेवला.

"राडारोडा साइटवर सोडायचा नाही, असा आपला नियम आहे, दाजी."

तेव्हा मालकीणबाईंनी सॉफ्टवेअरवाला बोलावला. तो किडकिडीत आणि इतका शांत होता, की याला कधी कुणी मारलेलंच नाही हे कारकुनाने पाहताक्षणी ओळखलं. त्याने सगळी कामं डेटाबेसमध्ये घातली आणि तो कारकुनाच्या टेबलावर दिला. मुकादमाच्या फोनवर कामांचा बोर्ड दिला: एक काम म्हणजे एक कार्ड, आणि कार्ड 'करायचं'मधून 'चालू'त, 'चालू'तून 'झालं'मध्ये सरकणार. दोन्हींच्या मध्ये ऑटोमेशन बसवलं. कारकुनाने शेऱ्याच्या रकान्यात पाडकामाचा शब्द लिहिला, की मुकादमाच्या बोर्डावर आपोआप कार्ड उगवणार.

"म्हणजे आम्ही एकमेकांशी बोलायचंच नाही?" कारकुनाने विचारलं.

"गरजच पडणार नाही."

"माझ्या लग्नाआधी कुठे होतास रे बाबा?"

पाडकामाचे शब्द कोणते, हे सॉफ्टवेअरवाल्याने मुकादमाला विचारलं. मुकादमाने बोटांवर मोजून सांगितले: पाडा, फोडा, तोडा, ठोका, उडवा. त्याची माणसं भिंतीला हात लावण्याआधी "उडवा रे!" अशी आरोळी द्यायची, आणि ती ऐकून शेजारच्या इमारतींतली माणसंही खिडक्यांपासून लांब व्हायची.

कारकुनाच्या टेबलावरही 'उडवा' हा शब्द बावीस वर्षं नांदत होता. तिथे त्याचा अर्थ, ही नोंद खोडून टाका. पण कारकुनाला कुणी विचारलंच नाही.

चाचणीसाठी एखादा पत्ता घाला, असं सॉफ्टवेअरवाला म्हणाला. कागद न धुंडाळता कारकुनाला एकच पत्ता पाठ होता, तो त्याने घातला. स्वतःच्या घराचा. चाचणी झकास झाली. नोंद काढून टाकण्याचा अधिकार मात्र एकट्या सॉफ्टवेअरवाल्याकडे होता आणि तो आता गुरुवारी उगवणार होता. त्याच्या लक्षात राहावं म्हणून कारकुनाने शेऱ्यात नीटसपणे लिहिलं: "चाचणीची नोंद. उडवा." आणि तो घरी गेला. ते त्याचं त्या घरी जाणं शेवटचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचा फोन टुणकन वाजला. त्याने पत्ता दोनदा वाचला. माणूस रागीट असला तरी बेजबाबदार नव्हता. कार्डाखाली त्याने लिहिलं: "नक्की का? हे तर दाजींचं घर." एका सेकंदात उत्तर आलं: "आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. कृपया काम ठरलेल्या वेळेत पूर्ण करावे."

उत्तर ऑटोमेशनचं होतं. दाजी आयुष्यात पहिल्यांदाच इतकं गोड बोलले, असं मुकादमाला वाटलं आणि त्याला भरून आलं. त्याने मोठं मशीन मागवलं.

सव्वादहाला कारकुनाच्या पडद्यावर एक ओळ हिरवी झाली. 'चालू'. कुणाचं तरी वाटोळं होतंय, म्हणून त्याने सवयीने चहाचा घोट घेतला आणि मग पत्ता वाचला.

ओळीखाली साइटवरून फोटो येऊ लागले. पहिला फाटकाचा होता. फाटक रस्त्यावर आडवं होतं. कारकुनाने शेरा खोडून "थांबा" लिहिलं. काहीच झालं नाही, कारण तो शब्द मुकादमाने कधी सांगितलाच नव्हता. त्याने "थांबवा" लिहिलं, मग "नको" लिहिलं, मग एक शिवी लिहिली. काम पंधरा टक्के झालं. त्याने फोन लावला. मुकादमाने त्याचा नंबर दाताच्या प्रकरणापासूनच बंद करून ठेवला होता. बायको दवाखान्यात नर्स, या वेळी ऑपरेशनच्या खोलीत. तिचा फोन कपाटात. दुसऱ्या फोटोत न्हाणीघर होतं, तेही रस्त्यावरून दिसणारं. तीस टक्के.

तो धावला.

पोहोचला तेव्हा मशीनचा जबडा छपरात रुतला होता. छप्पर कण्हल्यासारखं वाजलं आणि एका झटक्यात खाली आलं. तुळया काडकाड मोडल्या. घण भिंतीत शिरत होते, बाहेर येत होते, पुन्हा शिरत होते. बाविसाव्या वर्षी संसाराला घण कसा लागतो ते कारकुनाने डोळ्यांनी पाहिलं. समोरच्या फुटपाथवर बायकोचं शिलाई मशीन, तिच्या कुंड्या, तिचं कपड्यांचं कपाट ओळीने मांडलेलं होतं. त्याची आरामखुर्ची कुठेच नव्हती.

"ताईचं सगळं काढलंय हं, दाजी," मुकादम अभिमानाने म्हणाला. "ओरखडा नाही."

"आणि माझं?"

"कार्डावर नव्हतं."

कारकुनाने फावडं उचललं आणि मुकादमाच्या खांद्यावर घातलं. मुकादम गुडघ्यावर आला, तसाच उठला आणि त्याने डोकं कारकुनाच्या छातीत घुसवलं. दोघं चुन्याच्या ढिगात पडले. कारकुनाने त्याचा कान दातांत धरला. एक दात कमी असूनही पकड चांगली बसली. मुकादमाने विटेने त्याच्या बरगड्या मोजल्या आणि जाता जाता भुवईही फोडली. रक्त आणि चुना कालवून दोघं एकाच रंगाचे झाले.

"तुम्हीच लिहिलंत 'उडवा'!"

"नोंद! नोंद उडवा म्हटलं होतं, गाढवा!"

"मग तसं बोलायचं ना!"

"बोलायची सोय ठेवलीये का कुणी?"

घण थांबले होते. टोळीतली माणसं घेर धरून बघत उभी होती. मशीनवाल्याने मात्र कोणाकडे लक्ष न देता उरलेली स्वयंपाकघराची भिंत ढकलली, कारण त्याच्या फोनवर अजून दहा टक्के बाकी दिसत होते. भिंत मुकादमाच्या पायावर आली. कारकुनाने, कान पुन्हा दातांत धरून, त्याला ओढून बाहेर काढलं. पाय वाचला, अंगठा भिंतीखाली राहिला. कानाचं खालचं टोकही राहिलं, पण कारकुनाच्या तोंडात.

दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेली नर्स एकदा भावाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली.

"घर कुठेय?" तिने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

तिने सुई घेतली. भूल संपलीये असं सांगितलं. शेजारच्या ट्रेमध्ये भुलीच्या सहा बाटल्या होत्या. भावाच्या कानाला नऊ टाके आणि नवऱ्याच्या भुवईला सात, आणि प्रत्येक टाक्याला तिने दोरा गरजेपेक्षा जास्त ओढला.

"ताई, जरा हळू ना!"

"कार्डावर लिहिलंय का हळू म्हणून?"

सगळा वेळ कारकुनाच्या खिशातला फोन थरथरत होता. काम वेळेआधी पूर्ण झालं होतं. आपण आमच्या सेवेबद्दल कितपत समाधानी आहात, अशी पाच ताऱ्यांची विचारणा आली होती.

गुरुवारी सॉफ्टवेअरवाला आला. कारकून पट्ट्यांत गुंडाळलेला, मुकादम कुबडीवर, मालकीणबाई मध्ये. कारकुनाने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती काढून टाकायला सांगितलं. शब्द त्याने फार जपून निवडले.

सॉफ्टवेअरवाल्याने ओळ नीट पाहिली आणि मान हलवली. 'झालं' लागलेली नोंद सिस्टिममधून काढता येत नाही.