शंखबाबाच्या अंगणातल्या मौनी आया

त्या उन्हाळ्यात पेडगावची बहिरी लेकरं धडाधड ऐकायला लागली. बघायला माणसं लिंबावर चढून बसत. शंखबाबा बहिऱ्या लेकराला आपल्याकडे पाठ करून लांब फळीवर बसवायचा, मागे स्वतः घोंगडीवर बसून शंख फुंकायचा, आणि लेकरू गर्रकन वळायचं. आमच्या शेजारचा बन्सीधर दोन्ही कानांनी धडधाकट, तरी रांगेत. बायकोचं बोलणं अलीकडे कमी ऐकू येतं, ते बाबांनी तसंच ठेवावं, एवढीच त्याची विनंती होती.

माझी पुतणी कावेरी जन्मापासून बहिरी. परभणीच्या डॉक्टरांनी तिला मूकबधिरांच्या शाळेत घालायला सांगितलं, तेव्हापासून तिच्या आईनं, सरजावहिनीनं, लग्नाकार्याला जाणं सोडलं. पोरगी बोलत का नाही, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, झोपेत आहे. पोरगी समोर उड्या मारत असायची.

बाबाच्या फळीवर कावेरीही वळली. वहिनी ढसाढसा रडली.

"कान उघडला, बाई," बाबा म्हणाला. "आता वाचा ऱ्हायली. वाचा आभाळातून पडत नसती, आईतून लेकरात उतरती. तू मौन धर. अन् शाळेचं नाव काढलंस, तर आलेला कान माघारी जाईल."

वहिनीनं मौन धरलं. आपल्या घरात आता फक्त म्हैस बोलते, असं कावेरीचा बाप नागनाथदादा सांगत फिरू लागला.

मौनी आया रोज दुपारी लेकरांसह बाबाच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसत. एकीचा दोष दुसरीला लागतो, म्हणून एकमेकींकडे बघायचं नाही. पण चारठाण्याहून आलेल्या मालनबाईंना तहान लागली. त्यांचे हातवारे कुणालाच कळेनात. कावेरीनं मात्र तांब्या आणून दिला. हातांनी बोलणं हा तिचा घरचाच कारभार. मिशीला पीळ दिला की बाप, नाक दाबलं की काका, म्हणजे मी. बाबा जेवून घोरत पडला की ती आयांची शिकवणी घ्यायची. थोड्याच दिवसांत ते मुकं अंगण गावातलं सगळ्यात बडबडं ठिकाण झालं.

पुढचं मला वहिनीनं नंतर सांगितलं. बारा गावांत एवढ्या जड दोषाचं लेकरू तुझंच, असं बाबानं प्रत्येकीला सांगितलं होतं. प्रत्येकीची सासू तिलाच दोष देत होती. आपल्यामागं लेकराचं कसं होईल, हे मालनबाईंनी हातांनी विचारलं. मग कुणीतरी खूण केली: घरी ऐकू येतं का? कुणाच्याच लेकराला येत नव्हतं. फळीवर तेवढं येतं. कावेरी हे बघून खुदकन हसली. तिनं आपल्या ढुंगणावर चापट मारली आणि घोरणाऱ्या बाबाच्या पायाच्या अंगठ्याकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत वहिनीनं कावेरीला फळीवरून उचलून जमिनीवर बसवलं आणि बाबाला खुणेनं सांगितलं, फुंक.

"फळीवर बसव, बाई. मंत्र फळीत हाय," बाबा म्हणाला.

वहिनी हलेना. शेवटी त्यानं फुंकला. एस.टी. आली समजून माणसं पिशव्या घेऊन उठली. कावेरी धुळीत बोटानं म्हशीचं चित्र काढत होती. मान वर न करता तिनं म्हशीला शेपूट जोडलं.

मग मालनबाईंनी घोंगडी ओढली. फळीचं दुसरं टोक थेट बाबाच्या अंगठ्याखाली गेलेलं. वहिनीनं कावेरीला पुन्हा फळीवर बसवलं, मी गर्दीतून पुढं होऊन त्या टोकावर पाय आपटला. शंख न वाजता पोरगी वळली आणि मी दिसताच तिनं नाक दाबलं.

"पोरीला ऐकू येतं म्हणून सांग, बाई," बाबा घाईनं म्हणाला.

वहिनीनं गर्दीकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज निघाला, तोही घोगरा.

"माज्या पोरीला ऐकू येत न्हाई."

"माज्या पोराला बी," मालनबाई म्हणाल्या.

एकेक आई तेच बोलली. बाबा शंख घेऊन निघाला, तर बन्सीधर आपल्या कानाचं काय म्हणत त्याच्यामागं.

जूनमध्ये वहिनी आणि मालनबाई, दोघींची लेकरं एकाच मूकबधिरांच्या शाळेत गेली. तिथं कुणी शंख फुंकत नाही.

बहिऱ्या लेकराला फळीचा हादरा कळतो. त्याला ऐकणं म्हणत नाहीत. बहिरेपण कुणाचा दोष नाही. लेकराला डॉक्टरला दाखवा, शाळेत घाला. आणि असंच लेकरू आणखी कुणाच्या घरी आहे, ते विचारून तिथं जा. चहा घ्या. बोला.