पंधरावी खेळाडू

पुतण्याच्या लग्नाला केतकी येणार नाही हे कळलं, तेव्हा उषाताईंनी फोनवरच लेकीला फैलावर घेतलं. केतकी आयर्लंडमधल्या एका खेड्यात औषधांच्या दुकानात कामाला होती. एक चर्च, चार दुकानं आणि हर्लिंग या तिथल्या काठी-चेंडूच्या खेळाचं मैदान, एवढंच ते गाव.

"आई, त्याच दिवशी शेजारच्या गावाशी आमची मॅच आहे."

"मॅचसाठी कुणी सख्ख्या चुलतभावाचं लग्न चुकवतं का?"

"संघाला पंधराजणी लागतात, मला धरून बरोबर तेवढ्याच होतो. गेल्या वर्षी माणसं कमी पडली, खेळताच आलं नाही. यंदाही तसंच झालं तर बायकांचा संघच मोडेल. इथल्या मुलींच्या आज्यांपासून चालत आलंय हे."

उषाताईंनी फोन ठेवून दिला.

लग्न लागलं, संध्याकाळी पर्वत पाटिया भागातल्या हॉलमध्ये रिसेप्शन होतं. धाकट्या जावेनं, नवरदेवाच्या आईनं, विचारलंच, "वहिनी, केतकी नाही आली?"

"सुट्टी मिळाली नाही गं, पल्लवी."

तेवढ्यात त्यांना नवरा दिसला. अशोकराव कोपऱ्यातल्या टेबलावर पाण्याच्या जगला फोन टेकवून केतकीची मॅच लाइव्ह बघत बसले होते. उषाताई रागावायला गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. चिखलात मुली लाकडी काठ्यांनी चेंडू हवेतच टोलवत होत्या. हेल्मेट असूनही चालण्यावरून त्यांनी केतकीला ओळखलं. कुणीतरी तिला धडकलं, ती आडवी झाली.

"अगं ऊठ!" उषाताई ओरडल्या. बाजूचे पाहुणे जेवता जेवता वळून बघू लागले.

केतकी उठली. पल्लवी मागेच उभी होती.

"सुट्टी नव्हती ना?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. उषाताई म्हणाल्या, "सुट्टी मिळाली होती. खोटं बोलले मी. ती इथं आली असती, तर त्या गावाला खेळता आलं नसतं."

पल्लवीचा चेहरा पडला. ती पाहुण्यांकडे निघून गेली.

केतकीचं गाव सपाटून हरलं. थोड्या वेळानं तिचा व्हिडिओ कॉल आला, "काकूला दे ना."

उषाताई फोन घेऊन थेट स्टेजवर गेल्या. पल्लवीनं तो जरा घुश्शातच हातात घेतला. केतकीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखल होता.

"काकू, चुकलं माझं."

"ते नंतर बघू. ओठ फुटलाय तुझा, आधी त्याला बर्फ लाव," पल्लवी म्हणाली आणि फोन नवरदेवाकडे दिला.