दोन कंपन्यांची आढी

वाडीतली मोटर शिमग्यापासून खोकत होती. दोनदा तिची वायर नव्याने भरून आणली, तरी पाणी चढवताना ती दम लागल्यासारखी मधेच थांबे. उन्हाळा तापू लागला होता आणि चिकूची झाडे तहानेने पाने टाकू लागली होती. वादळात पडलेल्या दोन आंब्यांचे लाकूड विकून थोडे पैसे आले होते. ते नव्या मोटरीचे, असे माझ्या बायकोने, आनंदीने, ठरवून टाकले होते.

त्या रविवारी केदार आणि कुशलराव आमच्याकडे घिवलीला जेवायला आले. केदार माझा मुलगा. बोईसरच्या कारखान्यात कामाला, राहायला सालवडला. कुशलराव जावई, पालघरच्या एका ऑफिसात. दोघांचेही डोळे ताटात कमी आणि मोबाइलमधल्या शेअर बाजारात जास्त.

“बाबा, मोटरीत पैसे कसले घालता?” केदार म्हणाला. “अमेरिकेत कॉम्प्युटरच्या चिपांची एक कंपनी हाय. सगळं जग तिच्या दारात रांग लावून उभं हाय.” त्याने मोबाइल दाखवला. कंपनीची खूण हिरवी होती.

“मामा, ती आता फार महाग झाली आहे,” कुशलराव म्हणाले. “तिच्यासमोर ही लाल खुणेची बघा. स्वस्त आहे, अजून वाढायची आहे.”

“दहा वर्षं झाली, अजून वाढायचीच हाय ती, भावोजी.”

“आणि तुमची हिरवी आणखी किती वाढणार? आभाळाला भोक पाडणार का?”

मला दोघांचेही पटत होते. एकीकडे फळांनी वाकलेले झाड, दुसरीकडे जोमात आलेले कलम. आनंदीने भात वाढता वाढता विचारले, “या चिपा बनतात कुठं?”

“तैवानात. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतात,” केदार म्हणाला.

“आणि लाल कंपनीच्या?”

“त्याही तिथेच,” कुशलराव जरा हळू म्हणाले.

“म्हणजे झाड एकच, आन तुमी दोन व्यापाऱ्यांवरनं भांडता. माझी मोटर कधी आणता ते सांगा.”

पण माझ्या मनाला आता बाजाराचा वारा लागला होता. दोन झाडांत सरस कोणते यावर आमच्या वाडीत वाद झाला, तर आम्ही दोन्हींची फळे पेंढ्यात पिकत घालतो. ज्याची आढी आधी पिकेल त्याचा मान. मी म्हटले, तसेच करू. एकाच झाडाचे चिकू, दोन आढ्या. एकीवर हिरवी चिंधी, एकीवर लाल. जी आधी पिकेल तिचे शेअर घ्यायचे. पुढच्या रविवारी उघडायच्या.

“आन दोनी एकदमच पिकल्या तर?” आनंदीने विचारले.

“तर तुझी मोटर.”

“घाला मग,” ती म्हणाली.

पडवीत आढ्या घातल्या. कुशलराव रोज पालघरहून फोन करून, पाहुणा दवाखान्यात असल्यासारखे विचारत, “मामा, लाल कशी आहे?” एकदा म्हणाले, “आज बाजारात लाल जरा पडली.” मी धावत जाऊन लाल आढीत हात घातला. चिकू दगडासारखे! मला घाम फुटला. अमेरिकेतली बातमी आमच्या पेंढ्यात इतक्या लवकर पोचते, हे मला माहीत नव्हते. त्या दिवसापासून मी पडवीतून जाताना चपला काढू लागलो.

मधेच केदार येऊन गेला. चार्जर विसरला होता म्हणे. पडवीत बराच वेळ शोधत होता.

रविवारी सगळ्यांसमोर हिरवी आढी उघडली. चिकू लोण्यासारखे मऊ. केदारने टाळी वाजवली. मग लाल उघडली. तेही लोणी! बोट लावले की आत जात होते. आणि दोन्ही पेंढ्यांतून केळ्याचा वास येत होता.

मी पेंढा उपसला. हिरवीत एक पिकलेले केळे निघाले. लालमध्येही एक.

“केदारदादा!” कुशलराव ओरडले. “ही चीटिंग आहे!”

“तुमी काय कमी का? लालमध्ये केळं कोणी घातलं?”

“आईशप्पथ, मला माहीतच नाही! केळ्याने चिकू पिकतात?”

त्यांचा चेहरा बघून कोणालाही पटले असते. पालघरात ते चिकू गाडीवरून, पिकलेलेच घेतात. केदार मात्र खाली बघू लागला.

आनंदी पदराने हात पुसत म्हणाली, “लालमधलं मी घातलं.”

“आई! तू भावोजींच्या बाजूची?”

“मी कोणाच्या बाजूची नाय. तू चार्जर शोधताना हिरवीत केळं खुपसलंस, ते मी खिडकीतनं बघितलं. जावयाच्या ढिगाला काय कमी पडू द्यायचं? लोक काय म्हणतील? तेवढंच पिकलेलं केळं त्यांच्यात घातलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अवो, दोनी एकदम पिकल्या ना?”

दुसऱ्या दिवशी मोटर आली. चिकूंचे काय करायचे हा प्रश्नच नव्हता. कुशलरावांनी दोन्ही कंपन्या वाटीत घेऊन चमच्याने खाल्ल्या आणि हिरवी जास्त गोड लागते हे चुकून कबूल केले.

नव्या मोटरीच्या पेटीवर दोन बटणे आहेत. चालू करायचे हिरवे, बंद करायचे लाल. केदार आला की हिरवे तोच दाबतो आणि पाटात पाणी खळखळले की मिशीतल्या मिशीत हसतो. परवा कुशलराव मला म्हणाले, “मामा, माझ्या कंपनीला बंद करायचंच काम का?”

आनंदीने झाडाखालून उत्तर दिले, “मग वाडीचं तळं झाल्यावर कोण निस्तरणार? दाबा लवकर, जावईबापू. पाणी शेजाऱ्याकडे चाललं.”